विठ्ठलराव विखे पाटील

सह्याद्रीच्या कुशीत, रतनगडाच्या परिसरात प्रवरा नदी उगम पावते. भंडारदरा येथे तिचे पाणी अडविण्यासाठी दगडी धरण बांधण्याचे काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली ते पूर्ण झाले. सुमारे २७० फूट उंचीच्या या धरणातील पाणी नदीच्या पात्रातून खाली येई आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्यांतून दुष्काळी मुलखात पोहोचे. कोरड्या शिवारात ऊस डोलू लागला. परंतु शेतकऱ्याच्या घरचे दारिद्र्य काही हटले नाही. पाणी होते, कष्ट करणारे हात होते. मग उणीव कशाची होती? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या कृतीने दिले, ते लोणी गावचे विठ्ठलराव विखे पाटील होत.

लोणी बुद्रुक येथील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्राथमिक शाळेपलीकडे त्यांचे शिक्षण झाले नाही. पण भोवतालची परिस्थिती ते डोळसपणे पाहत. ऊस लावावयाचा तर खत, बेणे व पाणीपट्टी यांसाठी आधी पैसा हवा. तो सावकाराकडून आणावा लागे. गुळाचा भाव कोसळला की व्याज चढत जाई आणि जमीन गहाण पडे. काहींनी आपल्या जमिनी खाजगी साखर कारखान्यांना खंडाने दिल्या. कालव्याच्या पाण्याने पिके वाढत होती, परंतु त्यांचा लाभ भलत्यांनाच मिळत होता.

एकट्या शेतकऱ्याची पत नसते; परंतु दहाजण एकमेकांना जामीन राहिले, तर ती निर्माण होते, हे विठ्ठलरावांनी ओळखले. १९२३ साली त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी स्थापन केली. कर्ज गरजेपुरते घ्यावे, ते वेळेवर फेडावे आणि हिशेब चोख ठेवावा, या साध्या नियमांवरच अशी संस्था टिकते. एकाने कर्ज बुडविले, तर त्याचा भार सर्वांवर पडतो. म्हणून सचोटी हेच तिचे खरे भांडवल असते.

पुढे त्यांनी याहून मोठे धाडस आरंभिले. ऊस शेतकऱ्यांचा, तर साखरेचा कारखानाही शेतकऱ्यांचाच का नसावा, असा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. कर्जाने गांजलेल्या लोकांना न दिसणाऱ्या कारखान्याचे भाग घ्यावयास लावणे सोपे नव्हते. घरात साठविलेले चार पैसे बुडाले, तर पुढे काय, ही भीती खरीच होती. विठ्ठलराव गावोगाव हिंडले, शंका निरसन करीत राहिले आणि त्यांनी भागभांडवल जमविले.

शेतीची जाण त्यांना होती; पण कारखान्याच्या अर्थव्यवहारासाठी तज्ज्ञ माणूस हवा, हेही ते जाणून होते. म्हणून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे अध्यक्षपद सोपविण्यात आले आणि विठ्ठलराव स्वतः उपाध्यक्ष झाले. मानापेक्षा कार्य मोठे मानणारा पुरुषच असे करू शकतो. १९५०–५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले. ज्यांचा ऊस, तेच मालक, हे स्वप्न साकार झाले. पुढे महाराष्ट्रात असे अनेक सहकारी कारखाने उभे राहिले.

स्वतःला फारसे शिकता आले नाही, याची जाणीव ठेवून त्यांनी ग्रामीण मुलांच्या शिक्षणाकडेही लक्ष पुरविले. १९६४ साली प्रवरानगर येथे शाळा सुरू झाली. भारत सरकारने १९६१ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २७ एप्रिल १९८० रोजी त्यांचे देहावसान झाले.

धरणाने थेंब थेंब पाणी साठविले म्हणून शिवारे भिजली. विठ्ठलरावांनी त्याचप्रमाणे माणसांचा थोडा थोडा विश्वास साठविला आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. चोख हिशेब, योग्य माणसाची पारख आणि सर्वांच्या हितात आपले हित पाहण्याची वृत्ती, हीच त्यांच्या यशाची त्रिसूत्री होय.