जॉन व्हेन आणि छेदणारी वर्तुळे

बंगळूरच्या व्हाइटफील्ड या माहिती तंत्रज्ञान नगरीत, समजा, १०० कर्मचाऱ्यांची भाषिक पाहणी झाली. कन्नड जाणणारे ६० निघाले, मराठी जाणणारे ४५. बेरीज १०५ होते, माणसे मात्र १००च. दोन्ही भाषा जाणणारे २० जण दोनदा मोजले गेले, हे त्याचे कारण. ते एकदा वजा केले की किमान एक भाषा जाणणारे ८५ ठरतात आणि एकही न जाणणारे १५ उरतात. शाळेतील मुले हे गणित एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे काढून सोडवतात. त्या आकृतीला ज्यांचे नाव लाभले, ते इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन होत.

व्हेन यांचा जन्म ४ ऑगस्ट १८३४ रोजी इंग्लंडमधील हल येथे झाला. घराणे पिढ्यानपिढ्या धर्मोपदेशकांचे. केंब्रिज विद्यापीठातून १८५७ मध्ये गणिताची पदवी घेतल्यावर त्यांनीही धर्मदीक्षा घेतली. परंतु मन रमले ते तर्कशास्त्रात आणि संभाव्यतेत. १८६२ मध्ये ते अध्यापक म्हणून केंब्रिजला परतले.

वर्तुळांची कल्पना मुळात त्यांची नव्हे. स्विस गणिती ऑयलर यांनी ती अठराव्या शतकातच वापरली होती आणि व्हेन यांनी ते श्रेय कधी नाकारले नाही. मात्र ऑयलर यांच्या पद्धतीत दोन वर्गांचा परस्परसंबंध आधी ठाऊक असावा लागे. त्यावरून वर्तुळे एकात एक काढायची की अलग, हे ठरे. व्हेन यांनी १८८० मध्ये हा क्रमच उलटवला. प्रथम प्रत्येक शक्यतेसाठी स्वतंत्र कप्पा राखायचा. मग जो रिकामा असल्याचे सिद्ध होईल, तेवढाच छायांकित करायचा. तीन वर्तुळांत, बाहेरचा भाग धरून, असे आठ कप्पे होतात. व्हेन यांना त्यातून मुख्यतः तर्कविधाने तपासायची होती. पाहणीचे आकडेही त्याच कप्प्यांत चोख बसतात.

१८८३ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. चर्चची तत्त्वे आपल्या विचारांशी जुळत नाहीत, हे ओळखून त्यांनी त्याच वर्षी धर्मोपदेशकपद सोडले. घराण्याची परंपरा पाहता हा निर्णय सोपा नव्हता. श्रद्धेपासून मात्र ते दुरावले नाहीत.

यंत्रांचीही त्यांना हौस होती. त्यांनी बनवलेल्या गोलंदाजी यंत्राने १९०९ मध्ये केंब्रिजला आलेल्या ऑस्ट्रेलियन संघातील एका फलंदाजाचा चार वेळा त्रिफळा उडवला! उतारवयात पुत्राच्या साहाय्याने त्यांनी केंब्रिजच्या माजी विद्यार्थ्यांची प्रचंड सूची हाती घेतली. ४ एप्रिल १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कीझ महाविद्यालयाच्या भोजनगृहात एका खिडकीच्या रंगीत काचेवर ती तीन वर्तुळे कोरलेली आहेत.