नोबेलची बिनधुराची दारू आणि आपली ठासणीची बंदूक

आल्फ्रेड नोबेल म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, डायनामाइट आणि पारितोषिक. मला त्यांचं तिसरं काम जास्त जवळचं वाटतं, कारण ते आमच्या नांदगाव पेठच्या शिवारापर्यंत पोचतं. इकडे रानडुक्कर आणि रोही उभ्या पिकात शिरतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. त्या बंदुकीत कोणती दारू भरायची आणि कोणती अजिबात नाही, याचं उत्तर नोबेल यांच्या कामात सापडतं.

त्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ चा, स्टॉकहोमचा. १८४२ मध्ये कुटुंब सेंट पीटर्सबर्गला गेलं, तिथे वडील समुद्री सुरुंग बनवायचे. ३ सप्टेंबर १८६४ ला स्टॉकहोममधल्या हेलेनबोर्ग इथे नायट्रोग्लिसरीनचा स्फोट झाला आणि धाकटा भाऊ एमिल गेला. काम मात्र थांबलं नाही. १८६७ ला डायनामाइट आलं. १८७५ ला त्यांनी नायट्रोग्लिसरीनमध्ये नायट्रोसेल्युलोज मिसळून ब्लास्टिंग जिलेटिन केलं. नायट्रोसेल्युलोज म्हणजे मुळात आम्लांची प्रक्रिया केलेला कापूस! वऱ्हाडातल्या माणसाला याची गंमत वाटणारच.

त्याच जोडीतून १८८७ मध्ये बॅलिस्टाइट ही बिनधुराची दारू निघाली. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन राहतो; त्याचाच धूर होतो आणि त्याचीच काजळी नळीत बसते. नव्या दारूचा जवळपास सगळा वायू होतो. पण खरा फरक धुराचा नाहीच, दाबाचा आहे. काळ्या दारूचा जळण्याचा वेग दाबाबरोबर फारसा बदलत नाही. बिनधुराच्या दारूत दाब वाढला की जळण वाढतं, जळण वाढलं की पुन्हा दाब वाढतो. गोळी जड असली किंवा नळीत घट्ट बसली, तर हे चक्र आणखी जोरात फिरतं. शिवाय तेवढ्याच मापात तिच्यात ऊर्जा कितीतरी जास्त. म्हणून काडतूस फोडून त्यातली दारू जुन्या ठासणीच्या नळीत घालणं म्हणजे तोंडाजवळ सुरुंग पेटवणं आहे. थोडीशीच घालतो, मिसळून घालतो, असली गणितं इथे चालत नाहीत.

मग अमेरिकेत बिनधुराची दारू चालणाऱ्या ठासणीच्या बंदुका कशा विकल्या जातात? सॅव्हेजची १०एमएल ही त्यातली नावाजलेली होती. तिची नळी आणि मागचं बंद करणारं बोल्ट मुळातच त्या दाबासाठी घडवलेलं असतं. गोळी नळीपेक्षा बारीक असते आणि प्लास्टिकच्या वाटीत बसते. ही वाटी म्हणजे सॅबो. ती नळीच्या आट्यांना धरते, गोळीला फिरवते आणि बाहेर पडल्यावर सुटते. वाटी सैल असली तर वायू निसटतो आणि दारू धड पेटत नाही; फार घट्ट असली तर दाब चढतो; तापलेल्या नळीत ती मऊही पडते. त्यामुळे तिथे दारू, गोळी आणि वाटी असा तिघांचा मेळ एकत्रच ठरवतात. तो बंदूक बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतूनच घेतात आणि दारू काट्यावर तोलतात, मापाने भरत नाहीत. आपल्याकडच्या साध्या, आटे नसलेल्या नळीला यातलं काहीच लागू नाही. तिच्यात फक्त काळी दारू.

आता नोबेल यांच्याकडे परत येऊ. ते तेव्हा पॅरिसला राहत होते, पण पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्येच बिनधुराची दारू शोधली होती आणि फ्रान्सने ती वापरायला घेतली होती. नोबेल यांनी आपली दारू इटलीला विकली, तर फ्रान्समध्ये त्यांच्यावर हेरगिरीचा संशय आला. १८९१ मध्ये ते इटलीतल्या सान रेमोला निघून गेले. इंग्लंडचा घाव त्याहून वर्मी लागला. एबल आणि ड्यूअर यांना ते मोकळेपणाने आपल्या कामाची माहिती द्यायचे. त्या दोघांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट काढलं. नोबेल यांच्या पेटंटमध्ये विरघळणारं नायट्रोसेल्युलोज असं लिहिलं होतं. कॉर्डाइटमध्ये न विरघळणारं वापरलं होतं. एवढ्या एका शब्दावर १८९५ मध्ये खटला हरला. माझ्या मते हा न्याय नव्हता, नुसता कीस होता.

१० डिसेंबर १८९६ ला सान रेमोतच ते वारले. कॉर्डाइट पुढे निलगिरीतल्या अरुवंकाडूला तयार होऊ लागलं, आणि आपल्या विदर्भात भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत याच कुळातली दारू आजही बनते.