शेतातली माती वाहून जाताना पाहिली आणि पृथ्वीचं वय बदललं! कोण होते जेम्स हटन?

पृथ्वीचं वय किती? सुमारे ४५४ कोटी वर्षं. आज हे शाळेतलं पोरही सांगेल. पण अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात याच प्रश्नाचं उत्तर होतं, साधारण सहा हजार वर्षं. आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलच्या आधारे हिशोब करून पृथ्वी इसवी सन पूर्व ४००४ मध्ये निर्माण झाली, असं सांगितलं होतं.

या हिशोबाला सुरुंग लावला जेम्स हटन यांनी.

वकिली नको, डॉक्टरकीही नको

हटन यांचा जन्म १७२६ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात झाला. वडील व्यापारी, पण ते लवकरच गेले. हटन यांना वकिलाच्या हाताखाली ठेवलं, तर तिथे त्यांचे रसायनांचे प्रयोग सुरू! मग ते वैद्यकशास्त्राकडे वळले. १७४९ मध्ये हॉलंडच्या लायडनमधून पदवी घेतली, पण प्रॅक्टिस कधी केलीच नाही.

मित्रासोबत त्यांनी धुराड्यातल्या काजळीपासून नवसागर बनवण्याचा धंदा काढला. त्यातून बरे पैसे मिळाले. पुढची बरीच वर्षं ते वडिलोपार्जित जमिनीवर शेती करत राहिले.

खरा प्रश्न पडला तो इथेच. पाऊस पडला की शेतातली माती ओढ्यात आणि ओढ्यातून समुद्रात जाते. असंच चालू राहिलं तर सगळी जमीन कधीच संपायला हवी होती. मग ती शिल्लक कशी?

हटन यांचं उत्तर असं होतं: समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा दगड होतो. पृथ्वीच्या पोटातली उष्णता त्या दगडाला वाकवते, वर उचलते आणि नवी जमीन तयार होते. मग तिचीही झीज सुरू होते. पण या चक्राला सहा हजार वर्षं कुठून पुरणार?

ग्रॅनाईटने दिलेली साक्ष

१७८५ मध्ये एडिनबराच्या रॉयल सोसायटीत हा सिद्धांत मांडला गेला. आता पुरावा हवा होता.

त्या काळी अनेक अभ्यासक ग्रॅनाईटला पृथ्वीवरचा सगळ्यात पहिला खडक मानत. आदिम समुद्राच्या पाण्यातून तो आधी खाली बसला आणि बाकीचे खडक त्यावर साचले, असा समज होता.

त्याच वर्षी हटन स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या ग्लेन टिल्ट या दरीत पोहोचले. तिथल्या नदीपात्रात त्यांना हवं ते सापडलं. लालसर ग्रॅनाईटच्या शिरा शिस्ट नावाच्या गडद रूपांतरित खडकात घुसल्या होत्या. त्यांनी शिस्ट फोडला होता, त्याचे थर कापले होते. हटन यांना इतका आनंद झाला की सोबतच्या वाटाड्यांना वाटलं, यांना सोनं-चांदीच मिळाली!

मुद्दा साधा होता. भिंत आधी असेल तरच तिच्यात खिळा ठोकता येतो. म्हणजे शिस्ट आधीचा, ग्रॅनाईट नंतरचा, आणि तो वितळलेल्या अवस्थेत खालून आत घुसलेला. शिवाय हा शिस्ट म्हणजे तरी काय? जुनाच गाळ, उष्णता आणि दाबाने बदललेला.

१७८८ मध्ये ते जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल यांना घेऊन बोटीने सिकार पॉइंटला गेले. या किनाऱ्यावर खालचे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर लाल वालुकाश्म कमी कलाने पसरला आहे. म्हणजे गाळ साचला, दगड झाला, दाबाने उभा वळला, वर आला, झिजला आणि मग त्यावर नवा गाळ बसला. आजच्या मोजणीनुसार या दोन थरांमध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं अंतर आहे.

नास्तिकपणाचा ठपका

टीका होणारच होती. १७९३ मध्ये आयरिश शास्त्रज्ञ रिचर्ड किरवान यांनी हा सिद्धांत धर्मविरोधी ठरवला. खरं तर हटन नास्तिक नव्हते. निसर्गाच्या रचनेमागे शहाणपण आहे, असं ते मानत. आजारी असतानाही त्यांनी १७९५ मध्ये दोन खंडांचं पुस्तक काढलं. पण ते इतकं क्लिष्ट होतं की फारसं कुणी वाचलं नाही. १७९७ मध्ये हटन गेले.

त्यांचं म्हणणं लोकांपर्यंत पोहोचवलं ते प्लेफेअर यांनी. त्यांनी १८०२ मध्ये तेच सगळं सोप्या भाषेत लिहिलं. पुढे चार्ल्स लायेल यांनी हा धागा पकडला, आणि लायेल यांचं पुस्तक सोबत घेऊन चार्ल्स डार्विन बीगल जहाजावरून निघाले. उत्क्रांतीला लागणारा प्रचंड काळ डार्विन यांना मिळाला तो या विचारातूनच.

आजही डोंगरात काम करणारे भूवैज्ञानिक खडकांचा क्रम लावताना आधी हेच पाहतात, की कोणी कोणाला कापलं आहे. हटन यांच्या एडिनबरामधल्या कबरीवर नावाची पाटी लागायला मात्र १९४७ साल उजाडलं.