जुन्या जीपच्या पोटाखाली ज्याचं नाव सापडतं, तो क्लॅरेन्स स्पायसर नेमका होता कोण?

जुनी फोर व्हील ड्राईव्ह जीप किंवा पिकअप ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. गाडी मस्त चाललेली असते. एक दिवस ताशी पन्नास-साठचा वेग पकडला की मागून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागतो. थोड्या दिवसांनी गिअर टाकला की खाडकन दणका बसतो. गॅरेजवाला गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि निकाल देऊन टाकतो, क्राऊन-पिनियन गेलं.

म्हणजे मागचं डिफरन्शियल खोलायचं. जुन्या गाडीचे पार्ट शोधायचे. खर्च होतो तो वेगळाच. आणि एवढं करूनही कधीकधी आवाज जागेवरच असतो, कारण मुळात डिफरन्शियल बिघडलेलंच नसतं.

अशा वेळी गाडीखाली शिरून जरा निरखून पाहिलं, तर बऱ्याच जुन्या जीपच्या मागच्या एक्सलवर किंवा शाफ्टवर एक नाव सापडतं, स्पायसर. अनेकांना ते एखाद्या पार्टचं नाव वाटतं. पण हा एक माणूस होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नीट कशी पोहोचवायची, या एकाच प्रश्नात त्याने अख्खी हयात घालवली.

डेअरीतला पोरगा

क्लॅरेन्स विनफ्रेड स्पायसरचा जन्म 30 नोव्हेंबर 1875 चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या वेस्ट हॅलॉक या छोट्या वस्तीतला. घरची शेती आणि वडिलांची डेअरी. पोरगं लहानपणापासून डेअरीतल्या यंत्रांमध्ये रमायचं. काही बिघडलं की खोलून बघायचं आणि पुन्हा चालू करून द्यायचं.

घरचे सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट पंथाचे, म्हणजे रविवारऐवजी शनिवार पाळणारे. क्लॅरेन्स शिकायला गेला तो न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड गावी, आणि तेही याच पंथाच्या लोकांनी वसवलेलं गाव. पुढे 1900 साली त्याने कॉर्नेल विद्यापीठाच्या सिब्ली कॉलेजात मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. तेव्हा तो पंचविशीला आला होता.

साखळीने केला घोळ

त्या काळात मोटारगाडी नवीनच होती. अनेक गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना सायकलसारख्या साखळीने पोहोचवली जायची. साखळी उघडी असायची. धूळ-चिखल खायची, तेल मागायची, सैल व्हायची आणि आवाज तर विचारूच नका.

साखळीऐवजी फिरता दांडा वापरायचा, ही कल्पना नवी नव्हती. फ्रान्समध्ये लुई रेनॉने 1898 सालीच तशी गाडी बनवली होती. अडचण वेगळीच होती. इंजिन चेसिसला घट्ट बसवलेलं असतं, पण मागचा एक्सल स्प्रिंगवर असतो. खड्डा आला की एक्सल वर-खाली होतो. दोघांना सरळ दांड्याने बांधलं तर दांडा तरी वाकणार, नाहीतर काहीतरी तुटणार.

म्हणून दांड्याला वाकता येईल असे सांधे लागतात. त्यांनाच युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात, आणि आपल्याकडच्या गॅरेजात त्यातल्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या तुकड्याला क्रॉस म्हणतात. हा सांधाही शेकडो वर्षं जुना होता. पण तो उघडा राहिला की धूळ जायची, वंगण निघून जायचं आणि तो झिजायचा.

कॉर्नेलमध्ये शिकताना स्पायसरने स्वतःच्या गाडीचं डिझाईन करायला घेतलं आणि याच दुखण्यावर बोट ठेवलं. त्याने सांधा बंद आवरणात टाकला. वंगण आत, धूळ बाहेर. ऐकायला साधी गोष्ट, पण रोजच्या रस्त्यावर टिकेल असा सांधा यातून मिळाला. मे 1903 मध्ये त्याला पेटंट मिळालं.

डिग्री राहिली, कारखाना उभा राहिला

गाडीपेक्षा लोकांना त्या सांध्यातच जास्त रस होता. मोटार बनवणाऱ्या कंपन्यांकडून विचारणा सुरू झाली. स्पायसरने कॉलेज अर्धवट सोडलं आणि न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्ड गावाची वाट धरली. तिथे पॉटर प्रिंटिंग प्रेस या छपाईयंत्रं बनवणाऱ्या कंपनीत त्याला जागा मिळाली. 1904 मध्ये त्याने तिथे सांधे बनवायला सुरुवात केली.

माल चांगला होता. एकेक कंपनी गिऱ्हाईक होत गेली आणि काही वर्षांत स्पायसरचा सांधा मोटार धंद्यात ओळखीचा झाला.

पण उत्तम इंजिनीअर उत्तम हिशेबनीस असतोच असं नाही. मागणी वाढली तसा कारखाना वाढवावा लागला आणि त्यासाठी लागणारा पैसा काही पुरेना. 1914 पर्यंत कंपनी अडचणीत आली. तेव्हा चार्ल्स डेना नावाचा न्यूयॉर्कचा वकील आणि माजी आमदार पैसे घेऊन पुढे आला. 1916 मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला.

थोडक्यात, ज्याच्या डोक्यातून कंपनी निघाली, त्याच्या हातात तिची सूत्रं राहिली नाहीत. अशा वेळी अनेक जण भांडून बाहेर पडतात. स्पायसर कंपनीतच राहिला आणि इंजिनीअरिंगचं काम बघत राहिला. धंदा डेनाने वाढवायचा आणि माल स्पायसरच्या नावाने ओळखला जायचा, अशी विभागणी झाली.

आणि डिफरन्शियल घरात आलं

1919 मध्ये कंपनीने सॉल्सबरी एक्सल ही कंपनी विकत घेतली. तोवर स्पायसरचा माल डिफरन्शियलच्या दारापर्यंत पोहोचत होता. आता दाराच्या आतला भागही घरचाच झाला.

डिफरन्शियल करतं काय? वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडली तर एक घासटत जाणार. डिफरन्शियलमधले छोटे गिअर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्योरने 1828 मध्ये वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं होतं. त्याच गोळ्यात पिनियन हा छोटा गिअर क्राऊन या मोठ्या गिअरला फिरवतो आणि शाफ्टची ताकद काटकोनात वळून चाकांकडे जाते.

1920 चं दशक संपता संपता कंपनीने आपला मुक्काम ओहायोतल्या टोलेडोला हलवला. जीप जिथून जगभर गेली, त्या विलीज कंपनीचं गाव ते हेच.

जीप बघायचं राहून गेलं

21 नोव्हेंबर 1939 ला मायामीत क्लॅरेन्स स्पायसरचं निधन झालं. चौसष्ट वर्षं पूर्ण व्हायला अवघे नऊ दिवस बाकी होते.

पुढच्याच वर्षी, जुलै 1940 मध्ये, अमेरिकन लष्कराला हलकी फोर व्हील ड्राईव्ह गाडी हवी होती, तीही तातडीने. बँटम कंपनीसाठी डिझाईन करायला निघालेला कार्ल प्रॉब्स्ट वाटेत टोलेडोला थांबला, कारण गाडीचं बाकी सगळं जमवता येणार होतं, एक्सल मात्र जाणकारांकडूनच घ्यावे लागणार होते. स्टुडबेकरच्या छोट्या मोटारीचा एक्सल बदलून वापरायचं ठरलं. पुढे विलीजची जीप युद्धात उतरली, तिच्याखालीही स्पायसरचेच एक्सल होते.

1946 मध्ये कंपनीचं नाव बदलून डेना कॉर्पोरेशन झालं. पाटीवरून स्पायसर गेला, पण पार्टवरचा स्पायसर कायम राहिला. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि तेच एक्सल आपल्या घाटरस्त्यांवर आले.

आता मुद्द्याचं, आवाज नेमका कुठला?

स्पायसरचं आयुष्य एका गोष्टीभोवती फिरलं. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत एक सलग साखळी आहे आणि तिच्यातली एक कडी झिजली की आवाज दुसऱ्याच कडीतून आल्यासारखा वाटतो. म्हणून डिफरन्शियलला दोष देण्याआधी क्रमाने जायचं.

पहिला संशयित टायर. जाड नक्षीचे टायर क्राऊनसारखेच गुणगुणतात. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी घाला. आवाज बदलला तर टायर बघा.

मग वेग तोच ठेवून गिअर बदला. इंजिनाचे फेरे बदलले तरी आवाज तसाच राहिला, तर बिघाड गिअरबॉक्सच्या मागे असण्याची शक्यता जास्त.

गिअर टाकताना दणका बसत असेल तर आधी क्रॉस तपासा. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ओट लावा, न्यूट्रल करा आणि शाफ्ट हाताने हलवून बघा. सांध्यातच खेळ असेल किंवा क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसत असेल, तर क्रॉस कोरडा पडून झिजलाय. क्रॉस बदलून झाल्यावर गाडी थरथरायला लागली, तर शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांच्या खुणा चुकल्या असू शकतात. एक सांधा फिरताना वेगात जो चढ-उतार करतो तो दुसऱ्याने मोडून काढायचा असतो. टोकं चुकीच्या कोनात बसली की ते गणित बिघडतं.

इथवर सगळं ठीक असेल तर मात्र डिफरन्शियलकडे वळायचं. आवाज कधी येतो, यावरून आत काय झालंय याचा अंदाज येतो.

- ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टी आणि सोडल्यावर ती बदलते किंवा थांबते: क्राऊन-पिनियनचे दात किंवा त्यांची बैठक.
- वेगाबरोबर वाढणारी सततची घरघर: बहुतेक वेळा बेअरिंग.
- फक्त वळताना कटकट: आतले छोटे गिअर.
- गाडी एका बाजूला झुकली की आवाज कमी-जास्त: चाकाकडचं बेअरिंग.

शेवटी ऑइल काढून बघायचं. चुंबकाच्या प्लगवर राखाडी मऊ लेप असेल तर घाबरायचं कारण नाही, ती नेहमीची झीज. चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर गाडी तिथेच थांबवायची. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, ओढ्यातून गाडी घातल्यावर हे हमखास होतं. आणि पिनियनच्या सीलमधून तेल गळत असेल तर सील बदलण्याआधी एक्सलवरचा ब्रीदर साफ करा. तो चिखलाने बुजला की आतला दाब तेलाला बाहेर ढकलतो आणि नवं सीलही गळायला लागतं.

काही जण मागचा शाफ्ट काढून, फोर व्हील लावून, फक्त पुढच्या चाकांवर गाडी हळू चालवून बघतात. जोर पडल्यावर येणारा आवाज गेला तर बिघाड मागे आहे हे कळतं. मात्र मागची चाकं फिरतच असल्याने बेअरिंगची घरघर राहू शकते. आणि एक धोका लक्षात ठेवायलाच हवा. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे असतो आणि त्याच शाफ्टवर काम करतो. शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढूनही मागची चाकं मोकळीच राहतात. उतारावर हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

अजून एक. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळलात तर जुनी जीप आखडते आणि दणके देते. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये तिसरं डिफरन्शियल नसल्याचा हा परिणाम आहे, बिघाड नाही. फोर व्हील काढा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच संपतं.

एवढं सगळं तपासूनही क्राऊन-पिनियनच दोषी निघालं, तर दोन्ही जोडीनेच बदलायचे. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एक नवा आणि एक जुना असा संसार टिकत नाही.

स्पायसरला पुढे अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. पण त्याचं खरं स्मारक चिखलाने माखलेलं, गाडीच्या पोटाखाली आहे. पुढच्या वेळी कुणी क्राऊन गेला म्हणून पाना हातात घेतला, तर त्याला एक मिनिट थांबवा आणि आधी क्रॉस हलवून बघायला सांगा.