आजाराचं मूळ गुरबतीत शोधणारा डॉक्टर : रुडॉल्फ विर्शो

अमेरिकेत वैद्यकीय मानवशास्त्राच्या अभ्यासकांची एक संघटना आहे. आजारपणाचा संबंध गरिबी, सत्ता आणि अन्यायाशी कसा असतो, हे दाखवणाऱ्या उत्तम संशोधन लेखांना तिथे पुरस्कार दिले जातात. मोठ्या प्राध्यापकांनाच नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या लिखाणालाही. या पुरस्काराला नाव आहे रुडॉल्फ विर्शो यांचं. आता प्रश्न असा की, हे विर्शो तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघणारे जर्मन डॉक्टर. मग माणसांच्या समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांचंच नाव का निवडलं?

विर्शो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातल्या शिफेलबाइन या छोट्या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. घरची परिस्थिती बेताचीच. पण मुलगा हुशार, म्हणून लष्करी डॉक्टर तयार करणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत सरकारी खर्चाने तालीम मिळाली. १८४३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि बर्लिनच्या प्रसिद्ध शारिटे रुग्णालयात कामाला लागले. रक्ताच्या कर्करोगाचं वर्णन, रक्ताची गुठळी वाहत जाऊन दुसरीकडे कशी अडकते याचा उलगडा, हे सगळं त्यांनी पंचविशीच्या आसपास केलं. १८४७ मध्ये त्यांनी एका मित्रासोबत सुरू केलेलं वैद्यकीय नियतकालिक आजही निघतं.

पण त्यांच्या आयुष्याला खरं वळण मिळालं ते १८४८ मध्ये. प्रशियाच्या अप्पर सायलेशिया भागात टायफसची भयंकर साथ पसरली होती. त्याआधी पिकं बुडाली होती, लोक उपाशी होते. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, तेव्हा सरकारने २६ वर्षांच्या या डॉक्टरला पाहणीसाठी पाठवलं. ते तिथे जेमतेम तीन आठवडे राहिले. सरकारला वाटलं असेल, डॉक्टर औषधं सुचवतील, हवापाण्याबद्दल चार गोष्टी लिहितील.

विर्शो घराघरांत गेले. एकाच खोलीत कोंबलेली कुटुंबं, बटाट्यावर काढलेले दिवस, जमीनदारांची पकड. तिथली बहुतेक जनता पोलिश बोलणारी आणि कॅथलिक, तर सरकारी कारभार जर्मन भाषेत. म्हणजे अधिकाऱ्याचं लोकांना कळत नव्हतं, आणि लोकांचं अधिकाऱ्याला. शाळेची तर बातच सोडा. धर्मगुरूंनीही लोकांना जागं करण्याऐवजी अज्ञानातच ठेवलं, असा त्यांचा आक्षेप होता.

परत येऊन त्यांनी जो अहवाल लिहिला, त्यात औषधांपेक्षा राजकारणच जास्त होतं. लोकांना संपूर्ण लोकशाही द्या, मुलांना त्यांच्या मादरी जबानमध्ये म्हणजे पोलिशमध्ये शिकवा, कराचा बोजा गरिबांवरून काढून श्रीमंतांवर टाका, रस्ते बांधा, शेती सुधारा, असा त्यांचा इलाज होता. लोक शिकलेले, पोटभर जेवलेले आणि स्वतःचा निर्णय घेणारे असते, तर साथ एवढी पसरलीच नसती, हे त्यांचं म्हणणं.

अहवाल लिहून ते गप्प बसले नाहीत. बर्लिनला परतल्यावर आठवडाभरातच तिथे क्रांती उसळली, आणि डॉक्टरसाहेब रस्त्यावरच्या मोर्चेबंदीत सामील झाले. वैद्यकीय सुधारणेसाठी साप्ताहिक काढलं. याची किंमत चुकवावी लागलीच. १८४९ मध्ये शारिटेतली जागा धोक्यात आली, बर्लिन सोडून वुर्त्सबुर्गला जावं लागलं. तिथे त्यांनी संशोधनात स्वतःला झोकून दिलं. १८५६ मध्ये त्याच बर्लिनने त्यांना मानाने परत बोलावलं. १८५८ मध्ये पेशींवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते, हा शाळेत शिकवला जाणारा नियम त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे.

पुढे ते बर्लिनचे नगरसेवक झाले, मग प्रशियाच्या विधिमंडळात आणि १८८० नंतर जर्मन संसदेतही गेले. बिस्मार्कला त्यांनी इतका सतावला की १८६५ मध्ये त्याने थेट द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. विर्शो यांनी ते स्वीकारलं नाही. त्यांची लढाई गटारांची होती! १८७० च्या दशकात बर्लिनमध्ये भूमिगत सांडपाणी योजना उभी राहिली, त्यामागे अभियंता होब्रेख्ट यांच्यासोबत विर्शो यांचा पाठपुरावा होता.

मानवशास्त्रातही त्यांनी मोठं काम केलं. जर्मनीतल्या ६७ लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग त्यांनी नोंदवून घेतला. निष्कर्ष असा की, शुद्ध जर्मन वंश नावाची चीजच नाही. ज्यू मुलांतही सोनेरी केसांची मुलं सापडली, आणि इतर जर्मन मुलांतही काळ्या केसांची. ज्यूद्वेष वाढत असताना ते त्याविरुद्ध उभे राहिले.

मात्र हा माणूस फरिश्ता नव्हता. हात धुण्याचा आग्रह धरणाऱ्या सेमेलवाइसचं म्हणणं त्यांना पटलं नाही, आणि जंतूंच्या सिद्धांताकडेही ते संशयानेच बघत राहिले. त्याहून बोचणारी गोष्ट दुसरी आहे. १८७० च्या दशकात बिस्मार्कने कॅथलिक चर्चवर कडक कायदे लादले, तेव्हा एरवी बिस्मार्कचे विरोधक असलेले विर्शो यात त्याच्या बाजूने होते. या झगड्याला संस्कृतीचा संघर्ष हे नाव रूढ झालं तेही त्यांच्यामुळेच. त्याच काळात सायलेशियाच्या शाळांतून पोलिश भाषा हद्दपार होत होती. ज्यांच्या जबानसाठी त्यांनी तरुणपणी कलम चालवली, तेच कॅथलिक लोक आता या कायद्यांखाली भरडले जात होते. चर्चची सत्ता मोडताना सामान्य कॅथलिक माणसाचं काय होतं, हे त्यांना दिसलं नाही, असंच म्हणावं लागतं. अल्पसंख्याकांचा कैवारी माणूसही एखाद्या अल्पसंख्याकाच्या बाबतीत चुकू शकतो, हे आपण लक्षात ठेवलेलं बरं.

१९०२ च्या जानेवारीत ट्राममधून उतरताना पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी, ८० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज पुरस्काराला त्यांचं नाव आहे ते प्रामुख्याने त्या तीन आठवड्यांच्या वारशामुळे. वस्तीत डेंग्यू पसरला की आपण पावडर मारून घेतो, डॉक्टरकडे धावतो. ते करायलाच हवं. पण नळाला पाणी किती दिवसांनी येतं, गटार कोणाच्या गल्लीत तुंबलेलं राहतं, आणि दवाखान्यातली सूचना आपल्या अम्मीला वाचता येते का, हेही विचारायला हवं. विर्शो यांच्या दृष्टीने हे सवाल म्हणजे तपासणीचाच भाग होते.