उंदरांचं विष हृदयरुग्णांच्या गोळीत कसं आलं? वॉरफॅरिनमागचे कार्ल लिंक

फेब्रुवारी १९३३. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बर्फाचं वादळ सुरू होतं. एड कार्लसन नावाचा शेतकरी डीअर पार्क या आपल्या गावाहून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसन शहरात पोचला. गाडीत एक मेलेली कालवड होती, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त होतं आणि जनावरं खात होती तो चाराही होता, जवळपास ४५ किलो. त्याची जनावरं एकामागून एक रक्तस्राव होऊन मरत होती आणि आता वळूच्या नाकातून रक्त येऊ लागलं होतं. तो पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला शोधत होता, पण शनिवार असल्यामुळे कार्यालय बंद होतं. विद्यापीठाच्या जीवरसायन विभागाचं दार तेवढं उघडं मिळालं. आत होते प्राध्यापक कार्ल पॉल लिंक.

लिंक यांच्याकडे त्याला देण्यासारखं फारसं काही नव्हतं. हा चारा खायला घालू नका आणि जमलं तर आजारी जनावरांना निरोगी जनावराचं रक्त द्या, एवढंच ते सांगू शकले. कार्लसन परत गेला. कॅनमधलं रक्त मात्र प्रयोगशाळेत राहिलं, आणि पुढची बरीच वर्षं लिंक यांचं काम त्याच्याभोवती फिरत राहिलं.

कोण होते लिंक?

त्यांचा जन्म ३१ जानेवारी १९०१ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट इथे झाला. वडील ल्यूथरन पंथाचे धर्मोपदेशक, घरात दहा भावंडं. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी कृषी रसायनशास्त्र शिकून १९२५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मग ते युरोपात गेले. ऑस्ट्रियात फ्रिट्झ प्रेगल यांच्याकडे पदार्थाच्या अगदी सूक्ष्म नमुन्याचं विश्लेषण कसं करायचं ते शिकले आणि झुरिकमध्ये पॉल कारर यांच्याकडे काम केलं. तिथेच क्षयरोगाने गाठलं. दावोसच्या डोंगराळ हवेत बरे होऊन १९२७ मध्ये ते मॅडिसनला परतले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. बो टाय, कधी खांद्यावर केप, तापट स्वभाव आणि डावीकडे झुकलेले विचार यामुळे विद्यापीठात ते लगेच ओळखू येत.

चाऱ्यात होतं काय?

स्वीट क्लोव्हर हा मेथीच्या कुळातला चारा. त्याला गोडसर वास येतो तो कुमॅरिन नावाच्या द्रव्यामुळे. कुमॅरिनने रक्त गोठायचं थांबत नाही. पण चारा ओला राहून त्याला बुरशी लागली की कुमॅरिनचं रूपांतर एका वेगळ्या पदार्थात होतं. असा सडका चारा खाल्ल्याने जनावरं मरतात हे कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. नॉर्थ डाकोटातल्या ली रॉडरिक यांनी पुढे जाऊन सांगितलं, की या जनावरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हे गोठण्यासाठी लागणारं प्रथिन कमी पडतं. शेतकऱ्यांना बुरशीचा चारा टाकून द्या म्हणणं सोपं होतं, पण ती महामंदीची वर्षं होती. दुसरा चारा आणायला पैसा कुठून यायचा?

लिंक यांचे सहकारी त्या चाऱ्याचा अर्क सशांना देत आणि त्यांचं रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजत. अर्क आणखी शुद्ध करायचा आणि पुन्हा मोजायचं. सहा वर्षांनी, जून १९३९ मध्ये, हॅरॉल्ड कॅम्पबेल यांच्या हाती त्या पदार्थाचे शुद्ध स्फटिक लागले. त्याची रचना उलगडून तो प्रयोगशाळेत तयारही करण्यात आला. त्याचं नाव डायकुमरॉल. १९४१ मध्ये तो रुग्णांवर वापरायला सुरुवात झाली, कारण शिरांमध्ये नको तिथे होणाऱ्या गुठळ्या रोखायला डॉक्टरांना पोटातून देता येईल असं औषध हवंच होतं.

त्याच प्रयोगशाळेत आणखी दोन गोष्टी दिसल्या, आणि आजच्या रुग्णासाठी मला त्या स्फटिकांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. एक, के जीवनसत्त्व दिलं की डायकुमरॉलचा परिणाम उतरतो, म्हणजे विषाला उतारा होता. दुसरी गोष्ट १९४३ ची. ॲस्पिरिन ज्या कुळातलं, त्या सॅलिसिलिक आम्लामुळेही उंदरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन कमी होत होतं. ॲस्पिरिन प्लेटलेट नावाच्या रक्तकणांनाही एकमेकांना चिकटू देत नाही, हे पुढे इतरांनी शोधलं. म्हणून ही गोळी घेणाऱ्याने डोकं दुखलं किंवा सांधे दुखले तरी दुकानातून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर आणून घेऊ नये. दोन्ही एकत्र घ्यायची वेळ काही रुग्णांवर येते, पण ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात.

उंदरांपासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत

१९४५ मध्ये भिजल्याच्या निमित्ताने लिंक यांचं छातीचं दुखणं उलटलं आणि त्यांना काही महिने सॅनेटोरियममध्ये काढावे लागले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी उंदरांच्या बंदोबस्ताचा इतिहास वाचून काढला. डायकुमरॉल त्या कामाला फार मंद होतं. पण प्रयोगशाळेत त्यासारखे बरेच पदार्थ तयार झालेले होते. त्या यादीतला ४२ क्रमांकाचा पदार्थ जास्त जोरकस निघाला. तो हळूहळू काम करतो, त्यामुळे उंदराला खाण्याचा संशय येत नाही आणि तो पुन्हा पुन्हा येऊन खातो. संशोधनाला पैसा पुरवणारी संस्था होती विस्कॉन्सिन ॲल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन. तिच्या आद्याक्षरांचं वॉर्फ आणि कुमॅरिनचं शेपूट जोडून नाव झालं वॉरफॅरिन. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं.

असं विष माणसाला द्यायला डॉक्टर कचरत होते. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एकाने जीव देण्यासाठी ते बऱ्याच प्रमाणात घेतलं. के जीवनसत्त्व आणि रक्त देऊन त्याला वाचवता आलं. त्यामुळे माणसातही उतारा लागू पडतो हे कळलं. १९५४ मध्ये वॉरफॅरिनला माणसांसाठी मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांच्या उपचारात हे औषध होतं. लोकांच्या मनातली भीती घालवायला हे पुरेसं होतं. त्याच वर्षी लिंक यांना लास्कर पुरस्कार मिळाला, आणि १९६० मध्ये पुन्हा एकदा.

मोजल्याशिवाय ही गोळी नाही

आपण हिला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतो. रक्त त्याने पातळ होत नाही. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार होतात. वापरलेलं के जीवनसत्त्व शरीर पुन्हा वापरण्याजोगं करतं, आणि वॉरफॅरिन नेमकं तेच अडवतं. मात्र रक्तात आधीच असलेली प्रथिनं संपायला काही दिवस लागतात. म्हणून आज बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम आज दिसत नाही. एखादा डोस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेणं धोक्याचं ठरतं, ते यामुळेच. त्याच दिवशी आठवलं तर घ्यावी. नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच गोळी घ्यावी आणि डॉक्टरांना सांगावं.

लिंक यांनी सशांचं रक्त मोजलं, तसं आज रुग्णाचं मोजतात. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये दिलेली प्रोथ्रॉम्बिन टाइम ही चाचणी तीच. अडचण अशी होती, की प्रत्येक प्रयोगशाळेचं रसायन वेगळं, त्यामुळे आकडेही वेगळे. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे समान माप सुचवलं आणि हा घोळ मिटला. औषध न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या किंवा शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाचा सहसा २ ते ३ दरम्यान ठेवतात, काही कृत्रिम झडपांसाठी थोडा जास्त. त्याखाली गेला तर गुठळीचा आणि पक्षाघाताचा धोका, वर गेला तर रक्तस्रावाचा. दोन्हींमधली जागा अरुंद आहे.

भारतात याच कुळातलं ॲसिनोकुमॅरॉलही पुष्कळांना दिलं जातं. त्यालाही हेच नियम लागू आहेत. मेथी, पालक, कोथिंबीर, कोबी यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून भाज्या बंद करणारे रुग्ण भेटतात. त्याची गरज नाही. आठवड्यात जेवढी पालेभाजी नेहमी खाता तेवढी खात राहा. एकदम वाढवणं किंवा नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करून जेवण तोडणं, दोन्हींनी आकडा हलतो. नवी अँटिबायोटिक, काढा किंवा चूर्ण सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. दात काढायचा असला तरी दंतवैद्याला ही गोळी चालू असल्याचं सांगा, पण स्वतःहून ती बंद करू नका. दिवस राहिले असतील किंवा तशी इच्छा असेल तर डॉक्टरांना लगेच कळवायला हवं, कारण पोटातल्या बाळाला याने इजा होऊ शकते. डांबरासारखी काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार लागणं, यांपैकी काहीही झालं तर बरं वाटत असलं तरी थेट रुग्णालय गाठा.

अलीकडे वारंवार आयएनआर तपासावा न लागणाऱ्या गोळ्याही आल्या आहेत. यांत्रिक झडप बसवलेल्यांना मात्र त्या चालत नाहीत. त्यांच्यासाठी अजूनही हेच जुनं औषध आहे.

लिंक २१ नोव्हेंबर १९७८ रोजी वारले. के जीवनसत्त्वाचं चक्र वॉरफॅरिन नेमकं कुठे अडवतं, हे त्याच वर्षी जॉन सटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. सटी मॅडिसनचेच, जीवरसायन विभागातले. तोवर माणसांना ही गोळी देऊन २४ वर्षं झाली होती.