विश्लेषण : अधू हाताचा गणितज्ञ आणि लाटेवरची फळी… सर्फबोर्डचे रूप बदलणारे बॉब सिमन्स कोण होते?

लाटेवर उभा राहून सरकत जाणारा सर्फर आणि त्याच्या पायाखालची रंगीत, हलकी फळी हे दृश्य आता मोबाइलवरील रील्समुळे सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली या खेळाने पदार्पणही केले. पण साधारण ८० वर्षांपूर्वी हीच फळी किनाऱ्यापर्यंत नेताना धडधाकट माणसाचीही दमछाक होत असे. ती हलकी आणि वेगवान करणाऱ्यांत अमेरिकेतील बॉब सिमन्स यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांचा डावा हात कोपरात नीट हलत नव्हता. गणिताच्या आधारे त्यांनी हाताने बोर्ड घडवले आणि वयाच्या ३५ व्या वर्षी लाटांतच त्यांचा अंत झाला. त्यांनी नेमके काय केले आणि आजच्या छोट्या कार्यशाळांत त्यांचे काम कसे टिकून आहे, याचा आढावा…

सिमन्स यांच्याआधी सर्फबोर्ड कसे होते?

सर्फिंग मूळचे हवाई बेटांचे. तेथे अखंड लाकडातून बोर्ड कोरले जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर रुजला आणि तेथे रेडवूड या लाकडाचे बोर्ड बनू लागले. त्यातील मोठ्या बोर्डांचे वजन ४५ किलोच्या आसपास भरत असे. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतून येणारे लाकूड खूप हलके, पण ते मऊ असते आणि पाणी शोषते. त्यामुळे मध्ये बाल्सा आणि कडांना रेडवूड अशा पट्ट्या चिकटवून, वर वार्निश देऊन बोर्ड तयार केले जात.

त्यापूर्वी टॉम ब्लेक यांनी आतून पोकळ बोर्ड तयार करून १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले होते. बोर्डच्या तळाला फिन लावण्याचा प्रयोगही त्यांनी १९३५ मध्ये केला. फिनमुळे बोर्डचे शेपूट बाजूला घसरत नाही. तरीही बहुतेक बोर्डांचा आकार अनुभवावर आणि अंदाजावरच ठरत होता. विशिष्ट आकारच का चांगला, याचे गणित मांडण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नव्हते.

सिमन्स कोण होते?

रॉबर्ट ऊर्फ बॉब सिमन्स यांचा जन्म १९१९ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात झाला. किशोरवयात त्यांच्या डाव्या घोट्यात गाठ झाली आणि पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ आली. पाय वाचला. त्यात पुन्हा ताकद यावी म्हणून ते सायकल चालवू लागले, तर मोटारीशी टक्कर होऊन त्यांचा डावा कोपर निकामी झाला. हात कायमचा वाकलेल्या अवस्थेत राहिला. रुग्णालयातील एका रुग्णाने व्यायाम म्हणून सर्फिंग सुचवले आणि ते या खेळाकडे वळले, असे सांगितले जाते.

घरात तांत्रिक विषयांचे वातावरण होते. त्यांचे थोरले भाऊ एडवर्ड ऊर्फ ड्युई सिमन्स हे ‘स्ट्रेन गेज’च्या शोधकर्त्यांपैकी एक. पूल, विमाने, यंत्रांचे सुटे भाग यांवर ताण आला की ते किती ताणले जातात, हे मोजणारे हे छोटेसे उपकरण. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत आजही ते हाताळावे लागते. बॉब यांची शाळा आजारपणामुळे सुटली, तरी पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजेच कॅलटेक या नामांकित संस्थेत त्यांनी प्रवेश मिळवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी यंत्रशाळेत कारागीर म्हणून काम केले. पुढे डग्लस या विमान कंपनीत गणितज्ञ म्हणूनही ते कामाला होते. समुद्रात चांगल्या लाटा आल्या की नोकरी मागे पडायची, अशी त्यांची ख्याती होती.

बोर्ड बनवण्याचे शिक्षण कुठे मिळाले?

एका गॅरेजमध्ये. गार्ड चेपिन हे त्या काळचे आक्रमक शैलीचे सर्फर. गॅरेजचे दरवाजे बनवणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि जोडीला ते बोर्डही बनवत. लाकूड निवडणे, पट्ट्या जोडणे, रंध्याने तासणे, कडा गोल करणे ही कामे सिमन्स त्यांच्याकडे शिकले. युद्धानंतर त्यांनी स्वतःचे काम सुरू केले. आधी त्यांनी लोकांच्या जुन्या बोर्डांचे आकार बदलून दिले. जाड कडा तासून बारीक करायच्या, सपाट नाक वर उचलून घ्यायचे, म्हणजे लाट उतरताना ते पाण्यात घुसणार नाही. या दुरुस्त्यांतूनच त्यांना बोर्ड कुठे अडतो आणि का अडतो, हे कळत गेले.

गणिताचा संबंध काय?

चपटा दगड पाण्यावर तिरका फेकला की तो बुडण्याआधी टप्पे घेत पुढे जातो. वेगामुळे त्याच्या तळाखालचे पाणी त्याला वर ढकलते. वेगवान मोटारबोटही अशीच पाण्यातून थोडी वर उचलली जाते आणि पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून सरकते. याला इंग्रजीत प्लेनिंग म्हणतात. नौका स्थापत्यकार लिंडसे लॉर्ड यांचे अशा बोटींच्या तळांविषयीचे पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. तळाची लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण बदलले की उचल आणि अडथळा कसा बदलतो, हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

सिमन्स यांनी हे पुस्तक बारकाईने वाचले. सर्फबोर्ड हीदेखील एक छोटी सरकणारी बोटच आहे, फक्त तिला इंजिनाऐवजी लाट ढकलते, असा त्यांचा विचार होता. त्यामुळे त्यांच्या बोर्डांचे शेपूट रुंद झाले. बोर्डचा मागचा भागच बहुतांश भार पेलत असल्याने तो रुंद असला, की उचल जास्त मिळते. नाक चमच्यासारखे वर वळले आणि कडा विमानाच्या पंखासारख्या बारीक होत गेल्या. रुंद शेपटाच्या मध्यभागी एकच फिन लावली, तर बोर्ड कलल्यावर ती पाण्याबाहेर येण्याचा धोका असतो. म्हणून त्यांनी दोन कडांजवळ दोन फिन लावण्याचा प्रयोग केला. जुळ्या फिनचे बोर्ड लोकप्रिय होण्याच्या कितीतरी वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

फायबर ग्लास आणि थर्माकोल कुठून आले?

युद्धाने अनेक नवे पदार्थ दिले. काचेच्या तंतूंचे कापड आणि त्यावर ओतून कडक होणारे रेझिन हे त्यातलेच. युद्धानंतर ते बाजारात मिळू लागले. बोर्डसाठी फायबर ग्लासचा पहिला वापर १९४६ मध्ये पीट पीटरसन यांनी केला, असे मानले जाते. सिमन्स यांनी त्याचे महत्त्व लगेच ओळखले. या कवचामुळे हलके पण मऊ बाल्सा लाकूड पाण्यापासून आणि ठोकरीपासून वाचणार होते. वजनदार रेडवूडची गरजच उरत नव्हती.

पुढची पायरी त्याहून धाडसी होती. लाकूडच नको, आत आपल्याकडे ज्याला थर्माकोल म्हणतात त्या पॉलिस्टायरिनच्या फोमचा गाभा घ्यायचा. अडचण रसायनशास्त्राची होती. त्या वेळी वापरात असलेले पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला लागले की थर्माकोल विरघळतो. सिमन्स यांनी मधला मार्ग काढला. फोमच्या वर-खाली पातळ प्लायवूड, बाजूंना बाल्साच्या कडा आणि या सगळ्यावर फायबर ग्लासचे कवच. रेझिन फोमपर्यंत पोहोचतच नव्हते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बनलेले हे बोर्ड ‘सँडविच’ या नावाने ओळखले जातात. पातळ कडक थरांमध्ये हलका गाभा ठेवण्याची ही रचना विमानांतही वापरली जाते.

मग सिमन्स मोठे व्यावसायिक का झाले नाहीत?

मॅट किव्हलिन हे तरुण सर्फर त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९४९ च्या सुमारास सिमन्स, किव्हलिन आणि जो क्विग यांनी सांता मोनिका येथे एकत्र काम केले. मात्र ही जोडी फार काळ टिकली नाही. सिमन्स एकलकोंडे आणि हट्टी होते. आतली आसने काढून टाकलेल्या जुन्या फोर्ड मोटारीत ते झोपत, डब्यातले अन्न खात, समुद्राच्या तळाचे नकाशे पाहून नवी लाट कुठे फुटेल याचा शोध घेत किनाऱ्याने फिरत. बूमरँग फेकण्यातही ते तरबेज होते.

मतभेद बोर्डच्या उद्देशाबाबतही होते. सिमन्स यांना वेग हवा होता. त्यांचे रुंद शेपटाचे बोर्ड सरळ रेषेत सुसाट जात, पण वळवायला कठीण होते. क्विग यांनी १९४७ मध्ये हॉलीवूडचे निर्माते डॅरिल झानक यांच्या मुलीसाठी एक हलका, वळायला सोपा बाल्सा बोर्ड बनवला होता. पुरुष सर्फरही तो मागून नेऊ लागले. क्विग आणि किव्हलिन यांनी पुढे हीच वाट धरली आणि त्यातून ‘मालिबू’ प्रकारचे बोर्ड रूढ झाले. म्हणजे आधुनिक बोर्डचे श्रेय एकट्या सिमन्स यांना देता येत नाही. ते ब्लेक, पीटरसन, क्विग, किव्हलिन यांच्यात वाटले गेले आहे. लाटेवर काय घडते याचा हिशेब मांडून मग रंधा हाती घेण्याची रीत मात्र सिमन्स यांची.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

१९५० नंतर सिमन्स यांचा मुक्काम प्रामुख्याने सॅन डिएगो परिसरात होता. २६ सप्टेंबर १९५४ रोजी ते ला होया येथील विंडनसी या किनाऱ्यावर मोठ्या लाटांत उतरले आणि परतले नाहीत. त्यांचा बोर्ड किनाऱ्याला लागला. मृतदेह तीन दिवसांनी सापडला. स्वतःचाच बोर्ड डोक्याला लागून ते बेशुद्ध झाले असावेत, असा अंदाज आहे. पायाला बोर्ड बांधून ठेवणारी दोरी त्या काळी नव्हती, ती १९७० च्या दशकात आली. बोर्ड सुटला की सर्फरला पोहतच किनारा गाठावा लागे. एक हात अधू असलेल्या माणसासाठी ही जोखीम किती मोठी होती, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर चारच वर्षांत, १९५८ मध्ये हॉबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड बनवायला सुरुवात केली. हा फोम पॉलिएस्टर रेझिनने विरघळत नाही. सिमन्स ज्या अडचणीभोवती प्लायवूडचे कुंपण घालत होते, ती अडचणच संपली.

आज छोट्या कार्यशाळेत बोर्ड कसा बनतो?

मागणीनुसार बोर्ड बनवणारा कारागीर म्हणजे शेपर. तो आधी ग्राहकाचे वजन, उंची, अनुभव आणि तो कोणत्या लाटांवर जाणार, हे विचारतो. त्यावरून लांबी, रुंदी, जाडी आणि लिटरमध्ये बोर्डचे घनफळ ठरते. फोमच्या ओबडधोबड ठोकळ्यावर फर्मा ठेवून बाह्यरेषा आखली जाते. बहुतेक ठोकळ्यांच्या मधोमध लाकडाची उभी पट्टी असते, तिच्यामुळे बोर्ड मोडत नाही. मग करवत, विजेवर चालणारा रंधा आणि शेवटी पॉलिश पेपर. खोलीच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला दिवे असतात. वरून पडलेल्या उजेडात न दिसणारे उंचवटे आडव्या उजेडातील सावल्यांमुळे उघड होतात. त्यानंतर फायबर ग्लासचे कापड अंथरून रेझिन ओतले जाते. ते घट्ट होण्याआधी समान पसरवावे लागते, त्यासाठी काही मिनिटेच हातात असतात. शेवटी फिन बसवून पुन्हा घासकाम होते.

आता संगणकावर आकार काढून यंत्राने फोम कापता येतो. तरी शेवटचा हात अनेक ठिकाणी माणसाचाच असतो, कारण ग्राहकागणिक कडेची गोलाई बदलते.

सिमन्स यांचा वारसा कशात दिसतो?

गॉर्डन क्लार्क यांची क्लार्क फोम ही कंपनी अमेरिकेतील बहुतेक शेपरना ठोकळे पुरवत होती. डिसेंबर २००५ मध्ये ती अचानक बंद झाली आणि छोट्या कार्यशाळांचा कच्चा मालच थांबला. पर्यायांच्या शोधात अनेकांचे लक्ष पुन्हा पॉलिस्टायरिनकडे वळले. आता त्यावर इपॉक्सी रेझिन वापरले जाते, त्याने हा फोम विरघळत नाही. म्हणजे थर्माकोलसारख्या गाभ्याची सिमन्स यांची कल्पना अर्ध्या शतकानंतर रोजच्या वापरात आली.

याच सुमारास सॅन डिएगोमधील काही शेपरनी त्यांचे जुने बोर्ड मोजून, तेच रुंद शेपूट आणि जुळ्या फिन ठेवून, निम्म्या लांबीचे बोर्ड बनवले. ‘मिनी सिमन्स’ नावाने ते जगभर पोहोचले. छोट्या, दुबळ्या लाटांवरही ते वेगाने सरकतात. क्विग आणि किव्हलिन ज्या कारणासाठी सिमन्स यांच्या वाटेवरून दूर झाले, ते वळण घेण्याचे दुखणे लांबी कमी होताच बरेचसे दूर झाले. तळाचा हिशेब आधीपासूनच बरोबर होता. तो इतका आखूड करून पाहण्याइतके आयुष्य मात्र सिमन्स यांना मिळाले नाही.